भुसकटात थांबलेली गाडी

गंगाखेड,
दिवाळीच्या आधीचा आठवडा
(तारीख घातली असती, पण चालू महिन्याचं कॅलेंडरचं पान सध्या गाडीखाली अंथरलेलं आहे. का ते पुढे येईलच.)

तीर्थस्वरूप पार्वतीअक्का,

तुमच्या आणि दिनकररावांच्या पायांवर डोकं ठेवून तुमची भावजय राजेश्री पत्राला सुरुवात करते. तुमचा खोकला कसा आहे? दसऱ्यानंतर इथून निघताना तुम्ही म्हणाला होतात, की गंगाखेडच्या हवेनं घसा धरला, झरीच्या वेशीत पाऊल पडलं की सुटेल. तसा तो सुटला असेल अशी आशा करते. (आमच्या हवेच्या वतीनं मी दिलगीर आहे.) दिनकररावांचे गुडघे काय म्हणतात? त्यांना म्हणावं, थंडी पडायला लागली, आता पहाटे ओसरीवर उघड्यानं बसून रेडिओ ऐकणं पुरे. ते ऐकणार नाहीत, पण म्हणावं. तुमची काळी म्हैस व्यायली का? वगार झाली की टोणगा? इकडे मी ठीक आहे. साखर, रक्तदाब आणि उजवा खांदा हे तिघंही माझ्याच घरात राहतात, पण आपापल्या खोलीत असतात, उगाच वाटेत येत नाहीत.

हातात फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. अक्का, रागावू नका, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि तो शेजारी ठेवून तुम्ही भाजी निवडत असता. मागे मी माझ्या पोटाची तक्रार सांगत होते, तर तिकडून एक पुरुषी आवाज ‘ताक घ्या म्हणावं’ असं म्हणाला. तो तुमचा दूधवाला होता हे मला फार नंतर कळलं. (ताकानं बरं वाटलं, ही गोष्ट वेगळी.) आज जे लिहायचंय ते दूधवाल्यानं ऐकण्यासारखं नाही. शिवाय सिकंदराबादच्या आमच्या शाळेत सिस्टर फिलोमिना सांगायच्या, की मनातलं अवघड काही असेल तर बोलू नये, लिहावं, कारण लिहिताना माणसाला मध्येच खिडकीबाहेर बघता येतं. हे पत्र लिहिताना मी पुष्कळ वेळा खिडकीबाहेर बघितलंय. बाहेर कडुलिंबाखाली आपली गाडी उभी आहे. आपली म्हणजे तुमच्या भावाची. निळीच्या पाण्यातून काढलेल्या धोतरासारखा तिचा रंग, वरून लिंबाची पानं पडतायत, आणि ती डोळे मिटून बसलेल्या गाईसारखी दिसते. हे गेल्यापासून ती मी चालवते हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हाला ते पसंत नाही हे मला ठाऊक आहे. तर गोष्ट तिचीच आहे.

तुम्ही झरीला गेल्यानंतरची एक सकाळ. मी चहाचा कप घेऊन अंगणात आले, तर गाडीच्या पोटाखाली शहाबादी फरशीवर एक ओला डाग. ऊन कोवळं होतं, आणि त्या डागात लिंबाची अख्खी फांदी दिसत होती, वर बसलेल्या साळुंकीसकट. साळुंकी हलली की डागातलीही हलायची. मी इतका वेळ बघत उभी राहिले की चहावर साय धरली. धुण्याभांड्याला येणारी आपली कमलबाई मागून म्हणाली, ‘‘बाई, गाडी गळायलीय.’’ मी म्हटलं, अगं, धुतल्याचं पाणी असेल. ती म्हणाली, ‘‘धुतली कवा व्हती?’’ मी आत जाऊन चहा गरम केला. नंतरच्या दिवसांत आणखी एक गोष्ट व्हायला लागली. ब्रेकवर पाय ठेवला की तो गादीवर ठेवल्यासारखा आत जायचा. खरं सांगते, मला ते बरंच वाटलं. ह्या वयात सगळ्याच वस्तू कडक होत चालल्यात, पाव, चपाती, पोरांचे आवाज. एक तरी मऊ झाली म्हणून मी तिच्यावर खूश होते.

मग मी राणीसावरगावला गेले. आपल्या शेतातलं सोयाबीन निघालं होतं आणि वाटेकऱ्यानं रास बघायला बोलावलं होतं. जाताना काही झालं नाही. (चढ होता. चढावर सगळ्याच गाड्या गुणी असतात.) रास बघितली, पोरीबाळींनी चहा पाजला, एकीनं पदरात सीताफळं घातली. परत निघाले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं, दोन्ही बाजूंना तुरी फुलावर होत्या, सगळा माळ पिवळा झाला होता, आणि मी मनातल्या मनात शाळेतलं प्रार्थनेचं गाणं म्हणत उतार उतरत होते. खाली वळणावर मेंढरं दिसली. रस्ताभर मेंढरं. मी ब्रेक दाबला. पाय खाली गेला, आणखी खाली गेला, आणि तळाशी जाऊन बसला. गाडी मात्र गाणं म्हणतच राहिली. ह्यांनी शिकवलेलं सगळं मी केलं, गिअर खाली आणला, हातब्रेक ओढला. (तो हातब्रेक ह्यांच्या वेळेपासून नुसता सोबतीला आहे.) वेग कमी झाला, पण थांबण्याइतका नाही. मेंढरं जवळ आली. त्यातलं एक काळ्या तोंडाचं माझ्याकडे असं बघत होतं, जणू मी त्याची कुणी ओळखीची आहे. डावीकडे रस्त्याच्या कडेला, मळणी झालेल्या शेतात सोयाबीनच्या भुसकटाचा ढीग होता, चांगला घराएवढा. मी डोळे मिटले नाहीत, हे मुद्दाम लिहिते, कारण तुम्ही विचाराल. मी डोळे उघडे ठेवून, नीट, हलकेच, त्या ढिगात गाडी घातली.

अक्का, पुढचं तुम्हाला कसं सांगू? आवाज असा झालाच नाही. गाडी आत गेली आणि सगळीकडून भुसकट खाली आलं, काचेवर, टपावर, आरशावर. आत पिवळा उजेड पडला. मधाच्या बरणीत बसल्यासारखं वाटत होतं. कसलीही घाई नव्हती. भुसकटातून उन्हाच्या बारीक रेघा येत होत्या, त्यांत धूळ तरंगत होती, आणि मला लहानपणी चर्चच्या रंगीत काचांखाली बसायला मिळायचं त्याची आठवण झाली. उतरायला पाहिजे हे कळत होतं. उतरावंसं वाटत नव्हतं. तेवढ्यात डाव्या बाजूचं भुसकट हलायला लागलं आणि तिथून एक काळं तोंड आत डोकावलं. मेंढरं ढीग खायला लागली होती. एका परीनं त्यांनीच मला उकरून काढलं.

मागून मेंढरांची मालकीण आली. कासाबाई तिचं नाव. कपाळावर हिरवं गोंदण, हातात काठी, काखेत एक कोकरू. तिनं काच वाजवली आणि म्हणाली, ‘‘ओ बाई, चांगला रस्ता सोडून भुसकटात कुठं निघालाव?’’ मी म्हटलं, ब्रेक लागला नाही. ती म्हणाली, ‘‘मंग घरून आणलीच कशाला? आमच्या मेंढरायला बी ब्रेक न्हाई, पर हाक मारली की थांबतेत.’’ मी गाडीला हाक मारली नव्हती हे खरं होतं. मग तिनं दार उघडलं, शेजारच्या सीटवरची सीताफळं मांडीवर घेतली आणि कोकरासकट आत बसली. जन्मात मोटारीत बसले नव्हते म्हणाली, आणि ही चालत नाही तेव्हाच बसलेलं बरं. आम्ही दोघींनी सीताफळं खाल्ली. तिनं विचारलं, मालक कुठं? मी सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मंग ही त्यांची का?’’ आणि कोकराच्या पाठीवरून फिरवावा तसा तिनं समोरच्या पत्र्यावरून हात फिरवला. पुढे ट्रॅक्टर आला, त्यानं साखळदंड लावून गाडी ओढून काढली, आणि कासाबाई उतरताना म्हणाली, ‘‘गार हाय आत. कवा बी या.’’ ढीग तिचा नव्हता, तरीही.

इथपर्यंत सगळं गोड होतं. पण ट्रॅक्टरवाल्यानं भुसकटातल्या गाडीचा फोटो काढून आपल्या फोनच्या स्टेटसवर ठेवला. (त्यात मी सीताफळ खाताना आलेय.) मी ट्रॅक्टरमागे बांधलेल्या गाडीत बसून गंगाखेडच्या वेशीत येईपर्यंत तो फोटो पुण्याला योगीराजकडे पोचला होता. तुमचा भाचा कसा आहे ते तुम्ही जाणता. तो ओरडत नाही. ओरडला असता तर मी उलटून ओरडले असते. तो एकदम हळू आवाजात म्हणाला, ‘‘आई, गाडी म्हातारी झालीय. म्हातारपणाला इलाज नसतो. आणि...’’ आणि पुढचं त्यानं गिळलं. ते काय होतं हे त्यालाही माहीत, मलाही. दिवाळीला तो येतोय. येताना भंगारवाला ठरवून येतोय. गाडी जाईल, आणि दिवाळीनंतर मी त्याच्याबरोबर पुण्याला जायचं. लिफ्ट आहे, खाली बाग आहे, बागेत माझ्या वयाच्या बायका आहेत. मुलगा चांगला आहे, सून प्रियांका गुणी आहे, पुण्याशी माझं वैर नाही. पण अक्का, गाडी आहे तोवर मला वाटेल तेव्हा मी निघते. नदीवर जाते, शेतावर जाते, कधी नुसतीच कारखान्यापर्यंत जाऊन उसाचा वास घेऊन येते. गाडी गेली की माझ्या निघण्यासाठी कुणाच्या तरी येण्याची वाट बघावी लागणार. बाकी मला काही नको.

मी योगीराजला म्हटलं, गाडी म्हातारी झाली हे तू फोटोवरून कसं ठरवलंस? आधी बिघाड कळू दे. तो म्हणाला, ठीक आहे, वय सोडून दुसरं कारण निघालं तर बोलू. तेव्हा मी भागवत मिस्त्रीला बोलावलं. बसस्टँडमागे त्याचं गॅरेज आहे. भागवत हा स्वतःवर फार प्रेम असलेला माणूस आहे. आल्या आल्या त्यानं बॉनेटवर हात ठेवला, डोळे मिटले आणि सांगितलं, ‘‘काकू, नाडी लागली. मागलं डावं चाक.’’ मी म्हटलं, अरे, गळतंय कुठून ते तर बघ. त्याला ते कमीपणाचं वाटलं. म्हणून कॅलेंडरचं पान मी फाडलं आणि गाडीखाली अंथरलं. ही माझी युक्ती नाही, सिस्टर फिलोमिनांची. त्यांच्या छपराला गळती लागली की त्या जमिनीवर कागद पसरायच्या आणि म्हणायच्या, पाणी स्वतःच आपला पत्ता लिहून देईल. सकाळी बघितलं, तर मागचं डावं चाक कोरडं होतं. दोन डाग दिसले. एक पुढच्या उजव्या चाकाजवळ, संकष्टीवर. दुसरा ड्रायव्हरच्या पायाजवळ, धनत्रयोदशीवर. भागवत म्हणाला, तेच म्हणायलोय मी, पण गाडीला पलीकडून बघितलं की डावं उजवं व्हतंय.

त्यानं पुढच्या उजव्या चाकातलं रबर बदललं. दुसऱ्या दिवशी पुढचं डावं गळायला लागलं. ते बदललं. मग मागचं उजवं. गाडीचं म्हणजे आपल्या मोठ्या चुलत्यांसारखं झालं होतं, एका गुडघ्याला तेल लावावं तर दुसरा म्हणतो, मी काय पाप केलं? शेवटी भागवतनं पुढच्या आरशाला लिंबू-मिरची बांधली आणि सांगितलं, की हे माझ्या विद्येच्या बाहेरचं हाय, नजर लागलीय. त्या दिवशी मी मनातून हरले. वाटलं, पोरगं बरोबर म्हणतंय. एक जागा सांधावी तर दुसरी सुटते, ह्यालाच म्हातारपण म्हणतात.

भागवत आवरून निघाला होता. जाता जाता बॉनेटखालच्या त्या पांढऱ्या डबीचं झाकण त्यानं काढलं, ब्रेकचं ऑइल त्यात असतं. मी शेजारी उभी होते. आणि अक्का, तिथून एक वास आला. मोटारीच्या पोटातून येऊ नये असा वास. मी एकदम नवी नवरी झाले. सिकंदराबादहून आले होते, ह्या घरातलं काहीच ओळखीचं नव्हतं, आणि स्वयंपाकघरातून करडीच्या तेलात परतलेल्या मिरचीचा वास येत होता. तुम्ही चुलीपुढे होतात. मला ठसका लागला आणि तुम्ही न बघता पाण्याचा तांब्या मागे सरकवला होता. तो वास. मी डबीवर वाकले, पुन्हा घेतला. करडीचं तेल, तेही बाजारातलं नाही, लाकडी घाण्याचं. मी म्हटलं, भागवत, ह्यात करडीचं तेल आहे. तो हसला. मग त्यानं बोट बुडवलं, नाकाला लावलं, आणि त्याचं हसू गेलं. ‘‘काकू,’’ तो म्हणाला, ‘‘ह्यात भजे तळायचे व्हते का?’’

त्यानं समजावलं ते असं. ब्रेकचं ऑइल वेगळ्या जातीचं असतं, नळ्यांतली रबरं त्याच्याशीच जमवून घेतात. खायचं तेल लागलं की ती पुरीसारखी फुगतात, जागा सोडतात आणि जिथून तिथून गळायला लागतात. गाडी म्हातारी नव्हती. तिचं पोट बिघडलं होतं. (भागवत आता सगळ्यांना सांगतोय, की नाडीत त्याला पहिल्यापासून पोट लागत होतं.) मला इतका आनंद झाला की मी त्याला बसवून चहा दिला. चहा पिता पिता त्यानं विचारलं, पण हे वतलं कुणी? मी म्हटलं, देव जाणे. तर कमलबाई भांडी घासता घासता म्हणाली, ‘‘देवाला कशाला मधी घेताव? खंडेनवमीला मोठ्या अक्कांनी वतलं की. मी म्हणलं, अक्का, हे झाकण कशाचं? तर मला म्हणल्या, तू गप, यंत्र पुजायलाव का नुसतं हळद लावायलाव?’’

तर हे असं आहे, अक्का. आता माझ्या डोळ्यांपुढे सगळं येतंय. खंडेनवमीला आपल्याकडे घरातलं प्रत्येक हत्यार पुसून, तेल लावून पाटावर मांडतात. तुम्ही विळे, कोयता, अडकित्ता, सगळ्यांना आपल्या हातानं तेल लावलंत. माझ्या शिलाई मशीनच्या एकेका भोकात थेंब सोडलात, ती अजून इतकी हलकी चालते. विहिरीच्या रहाटालाही विसरला नाहीत. गाडीचं बॉनेट मीच उघडून ठेवलं होतं, झेंडूची माळ घातली होती, आणि नैवेद्याचं ताट आणायला आत गेले होते. तुम्ही तिथे आलात. डबी रेघेच्या जरा खाली होती. आणि तुम्हाला अर्धं भांडं बघवत नाही, हे मी किती वर्षं बघतेय. पाहुण्याचा पेला, देवापुढचा दिवा, मिठाची बरणी, सगळं तुमच्या हाताखालून काठोकाठ होऊन जातं. झरीहून तुम्ही घाण्याचं तेल आणलं होतंत, सगळ्यात चांगलं. त्यातलंच दिलंत. भावाच्या गाडीला तुम्ही साधं तेल घातलं नसतंत. हे लिहिताना मला हसू येतंय आणि दुसरंही काहीतरी येतंय.

आता सगळी रबरं नवी आहेत, नळ्या धुतल्या, डबी बदलली. शेवटी हवा काढायचं काम राहिलं होतं. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही, हवाच तो खाऊन टाकते. ह्याला दोन माणसं लागतात. मी आत बसून ब्रेक दाबायचा, भागवत चाकापाशी आडवा होऊन नळीचं तोंड सैल करणार. ‘‘दाबा, दाबा, दाबा, धरा!’’ म्हणजे पाय दाबून धरायचा, तो हवा सोडतो, तोंड आवळतो, आणि म्हणतो, ‘‘सोडा.’’ पुन्हा दाबा, दाबा, दाबा. कडुलिंबाची सावली मांडीवर हलत होती, दुपार झोपेला आली होती, आणि ते ऐकता ऐकता मी कुठल्या कुठे गेले. सिस्टर फिलोमिनांनी आम्हाला एकदा नळीनं जोडलेल्या दोन पिचकाऱ्या दाखवल्या होत्या, इकडची दाबली की तिकडची वर यायची. मध्ये काही दिसायचं नाही, तरी कळायचं, तिकडे पोचलं म्हणून. मग मला गोदावरीकाठचं ते मोकळं मैदान दिसलं, हे मला गाडी शिकवत होते ते. ते डावीकडे बसायचे. त्यांच्या बाजूला ब्रेक नव्हता, तरी खड्डा आला की त्यांचा पाय दाबला जायचा. मी म्हणायचे, तुमच्या दाबण्यानं काय होणार? आणि गाडी थांबायची. माझ्याच पायानं थांबायची, पण मला कधी तशी खात्री वाटली नाही. तेवढ्यात भागवतची आरोळी आली. त्यानं ‘धरा’ म्हटलं होतं आणि माझा पाय केव्हाच उठला होता. काढलेली सगळी हवा पुन्हा आत. ‘‘काकू, धरा म्हणलं की धरायचं असतंय! ध्यान कुठं लागलंय तुमचं?’’ मी म्हटलं, कुठे नाही. तो चाकाखालून म्हणाला, ‘‘कुठं न्हाई म्हणणाऱ्यालाच लय येळ लागतो.’’ आम्ही पहिल्यापासून सुरू केलं.

आता ब्रेक लागतो. नदीच्या उतारावर मी स्वतः बघितला. भागवत शेजारी होता, त्यानं आपल्या विद्येवर भरवसा आहे असं सांगून दोन्ही हातांनी दार धरलं होतं. गाडी अशी थांबली, की आरशावरचं लिंबू पुढे जाऊन परत आलं. कॅलेंडरचं पान मी अजून खाली ठेवलंय, सकाळी सकाळी बघायचं म्हणून. कोरडं असतं.

बाकी क्षेम आहे. दिनकररावांना नमस्कार, म्हशीला चारा, कोंबड्यांना दाणे. खोकल्याला ज्येष्ठमध चघळावं. काही चुकून अधिकउणं लिहिलं असेल तर तुमच्या हातानं ते काठोकाठ करून घ्यावं.

तुमची,
राजेश्री

ता. क. एक लिहायचं राहिलं. योगीराज दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला तुम्हाला फोन करेल. तेव्हा जमलं तर त्याला तेलाचं सांगाल का? मी सांगू शकत नाही. कुणी ओतलं असं तो विचारणार. मी ओतलं म्हणाले, तर आईचं डोकं चालेना म्हणून गाडीच्या आधी मीच पुण्याला जाईन. आणि आत्यानं ओतलं हे माझ्या तोंडून त्याला पटणार नाही. त्याच्या आत्याच्या हातून आजवर काही चुकलेलं त्यानं बघितलेलं नाही. (मीही नाही.)

ता. क. दुसरा. वरचं लिहून मी खिडकीबाहेर बघितलं आणि मला ते बरं वाटेना. तुम्ही काही सांगू नका. तेलाचं तुमच्यामाझ्यात राहू द्या. कमलबाईला मी साडी कबूल केलीय, भागवत सध्या आपलीच फुशारकी सांगण्यात गुंतलाय. त्यापेक्षा दुसरं एक करा. हे गेल्यापासून तुम्ही भाऊबीजेला येत नाही. भाऊ नाही म्हणून अंगणात उभ्या राहून चंद्राला ओवाळता, हे मला दिनकररावांनी सांगितलंय. यंदा इकडे या. माझ्याबरोबर ह्या गाडीत बसून या. तुम्ही आजवर एकदाही मी चालवत असताना बसला नाहीत, दरवेळी पिशवी घेऊन एस.टी.नं येता, मी कधी विचारलं नाही, तुम्ही कधी सांगितलं नाही. तुम्ही तिच्यातून उतरताना योगीराजनं बघितलं की त्याला दुसरं कारण लागणार नाही. भाऊबीजेला वाटलं तर तिला ओवाळा. तेल मात्र निरांजनातच घाला.

ता. क. तिसरा, आणि आता पाकिटाला खरंच डिंक लावते. योगीराजचा फोन येऊन गेला. भंगारवाला पाडव्याला येतो म्हणाला. माझ्या तोंडून निघून गेलं, की अक्का ह्याच गाडीनं येणार आहेत, त्यांनी होकार दिलाय. मग म्हणाला, ‘‘आत्या बसणार? तुझ्या शेजारी?’’ मी म्हटलं, हो, पुढच्या सीटवर. तो म्हणाला, मग भंगारवाल्याला थांबायला सांगतो. तर अक्का, तुम्ही होकार दिलेला आहे. पत्र पोचेपर्यंत तुम्हाला तो माहीत नसेल एवढंच. वसुबारसेच्या सकाळी मी परभणीवरून झरीला येते. पाठीला उशी ठेवलीय. तुमच्या गल्लीत वळायला जागा नाही, म्हणून आत येत नाही, तोंडाशीच थांबेन. थांबेन म्हणतेय, अक्का. तुम्ही नुसत्या या.